गरीवरचं गांडूळ

गॅलरीतल्या गांडूळखताच्या डब्यात दुपारी हात घातला, तर एक तांबडं गांडूळ करंगळीला वेटोळं घालून बसलं. तोंडातून निघून गेलं, "याला शिंगाळा मासा लागला असता!" घरातून उत्तर आलं, "आधी हात धू."

रत्नागिरीला पाऊस लागला की परसात केळीच्या बुडाशी, मोरीचं पाणी मुरायचं तिथे, आम्ही कुदळ घालायचो. करवंटीत ओली माती, मातीत गांडुळं, आणि काकाच्या मागोमाग भाट्याची खाडी. पावसाळ्यात यांत्रिक होड्या बंद, त्यामुळे घरात गरी, म्हणजे गळ, असलेला प्रत्येकजण तेवढ्यापुरता मासेमार. काजळी नदी गढूळ होऊन उतरलेली असायची, खाडी अर्धीअधिक गोडी. गांडूळ गरीवर बराच वेळ वळवळत राही आणि शिंगाळे गपागप लागत. शिंगाळ्याचा काटा एकदा हातात गेलाय. त्याबद्दल अधिक बोलत नाही.

शाळेत 'गांडूळ : शेतकऱ्याचा मित्र' हा निबंध मीच लिहिला होता, दहापैकी आठ. त्याच हातांनी मित्राचे तीन तुकडे करायचे आणि ओवायचे. तेव्हा काही वाटलं नाही.

एका मे महिन्यात मात्र शहाणपणा सुचला आणि करवंटी घेऊन मांडवीच्या जेटीवर गेलो. तासभर काही नाही. दोरी ओढली तर गरीवर भिजल्या सुतळीसारखं काहीतरी लोंबत होतं, फिकट, लुळं. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं ना, तसंच. खाऱ्या पाण्याने त्या पातळ कातडीतून जीवच ओढून घेतलेला. शेजारी एक म्हातारबाबा कोळंबीच्या तुकड्यावर तांबोशी काढत होते. म्हणाले, "पोरा, दर्याला माती भरवतोस काय?" आणि दोन कोळंब्या माझ्या पुढ्यात टाकल्या.

त्या मी गरीला लावल्या नाहीत. खिशात घालून घरी आणल्या. आईने चड्डी धुताना जे काय म्हटलं ते म्हटलं, पण माझं मत अजून तेच आहे : चांगली कोळंबी पाण्यात टाकून मासा येईल म्हणून वाट बघत बसायचं, हा कुठला व्यवहार?

गांडूळ डब्यात परत सोडलं. हात दोनदा धुतले, वास काही जाईना. संध्याकाळी पाव किलो कोळंबी घेऊन आलो. आमटीसाठी.