घरची लॅब: बार एकदाच बांधायची

घरच्या लॅबमध्ये मी आयबीएमचं अ‍ॅप कनेक्ट एंटरप्राइझ शिकतोय, म्हणजे एका प्रणालीचे मेसेज दुसरीकडे पोचवणारं सॉफ्टवेअर. मागच्या नोंदीपर्यंत टाकीच्या पातळीचं अ‍ॅप्लिकेशन चालत होतं, पण टूलकिट (त्याचं आखणीचं साधन) उघडून माऊसने सर्व्हरवर ओढून टाकलं तरच. या पंधरवड्यात ठरवलं होतं की टूलकिटला हात न लावता, नुसत्या कमांडवर पॅकेज आणि डिप्लॉय करायचं, म्हणजे एका फाइलमध्ये बांधून सर्व्हरवर चढवायचं. त्या बांधलेल्या फाइलला 'बार' म्हणतात. काल रात्री ते जमलं आणि फार बरं वाटलं.

आवृत्ती १२ वापरतोय, डेव्हलपर एडिशन. प्रत्येक फ्लोला (मेसेजच्या आखलेल्या वाटेला) सेकंदाला एकच मेसेज ही तिची मर्यादा, पण आमचा सेन्सर पाच मिनिटांतून एकदा बोलतो, त्यामुळे आडकाठी नाही. बार बांधणाऱ्या जुन्या 'एमक्यूएसआय क्रिएटबार' कमांडला पाठीशी अख्खं एक्लिप्स (टूलकिट ज्यावर उभं आहे ते) लागतं. नव्या 'आयबीएमइंट पॅकेज'ला सोर्सचा फोल्डर दाखवला की बार तयार. बिल्ड स्क्रिप्टमध्ये आता हीच कमांड.

तयार झालेली बार पहिल्यांदाच अनझिप करून नीट पाहिली. बार म्हणजे शेवटी झिपच. आत माझ्या अ‍ॅप्लिकेशनची अ‍ॅपझिप, लायब्ररीची एसएचलिबझिप आणि मेटा-इन्फ फोल्डरात ब्रोकर डॉट एक्सएमएल, म्हणजे बदलता येणाऱ्या सेटिंग्जची फाइल. अ‍ॅपझिपही पुन्हा झिप, आणि तिच्या पोटात तिची स्वतःची वेगळी ब्रोकर डॉट एक्सएमएल! हे डोळ्यांनी पाहिलं नसतं तर पुढचा घोळ सुटलाच नसता.

घोळ असा. लॅपटॉपवरचा सर्व्हर चाचणीचा, जुन्या डेस्कटॉपवरचा रोजचा. दोन्हीकडे रीडिंग पाठवायचा पत्ता वेगळा. आतापर्यंत मी फ्लोमध्ये पत्ता बदलून दोन बार बांधायचो. हे चुकीचंच होतं, कारण जी बार तपासली ती रोजच्या सर्व्हरवर जातच नव्हती. म्हणून बारमधल्या सेटिंग्ज बदलणारी ओव्हरराइड फाइल केली: फ्लोचं नाव, हॅश, नोडचं (फ्लोमधल्या टप्प्याचं) नाव, टिंब, प्रॉपर्टी, बरोबर, नवा पत्ता. ते बदल बारला लावणारी 'एमक्यूएसआय अप्लायबारओव्हरराइड' कमांड चालवली, डिप्लॉय केलं, तर रीडिंग जुन्याच पत्त्यावर! दोन संध्याकाळी गेल्या. कारण साधं होतं: 'के' पर्यायाने अ‍ॅप्लिकेशनचं नाव दिलं नव्हतं, त्यामुळे कमांड वरवरच्या ब्रोकर डॉट एक्सएमएलमध्येच शोधत राहिली, अ‍ॅपझिपच्या आत शिरलीच नाही. नाव दिलं आणि पत्ता बदलला. 'ओ' पर्यायाने निकाल वेगळ्या फाइलमध्ये घेतो, मूळ बार जशीच्या तशी राहते.

डिप्लॉय त्यामानाने सोपं गेलं. चालू सर्व्हरला ७६०० पोर्टवर 'आयबीएमइंट डिप्लॉय'. बंद असेल तर बार थेट वर्क डिरेक्टरीत (सर्व्हरच्या स्वतःच्या फोल्डरात) उतरवून मग सर्व्हर सुरू करायचा. हा दुसरा मार्ग मला जास्त आवडला, सर्व्हर उठतो तोच सगळं घेऊन. एकाच मशीनवर दोन सर्व्हर चालवणाऱ्यांनी पोर्ट बदलायला विसरू नका. ती नोंद ओव्हरराइड्स फोल्डरातल्या सर्व्हर डॉट कॉन्फ डॉट यॅमलमध्ये ठेवा, मूळ फाइल कोरी राहू द्या.

लायब्ररी स्टॅटिकवरून (अ‍ॅप्लिकेशनच्या आतच बांधलेली) शेअर्ड (वेगळी चढवता येणारी) केली, त्याचाही फायदा दिसला. लिटरचं गणित काल दुरुस्त केलं ते फक्त लायब्ररीची छोटी बार पाठवून. अ‍ॅप्लिकेशनला धक्का न लागता पुढचं रीडिंग नव्या गणिताने आलं.

आता पासवर्ड फ्लोबाहेर काढायचेत. त्यासाठी पॉलिसी प्रोजेक्टला (फ्लोबाहेर ठेवलेल्या सेटिंग्जच्या संचाला) कालच सुरुवात केलीय.