आत्याबाईच्या मिशा : एकास पस्तीस

टेबलावर सध्या जुलै १९४५ चालू आहे. गेले आठ महिने चालू आहे आणि अजून पहिल्या तारखेची सकाळ काही सरलेली नाही. सत्तर बाय पस्तीस सेंटिमीटरची एक फळी. तिच्यावर उत्तर जर्मनीतला एक चौक, दगडी फरसबंदीचा रस्ता, लिंडनची दोन झाडं, विटांच्या घराची एकच भिंत (उरलेल्या तीन लागतच नाहीत, नाटकाच्या सेटसारखं असतं हे) आणि एकमेकांकडे तोंड करून उभे असलेले दोन रणगाडे. डावीकडचा ब्रिटिश सेंच्युरियन, उजवीकडचा सोव्हिएत आयएस-३. हे दोघं १९४५ मध्ये असे कधी समोरासमोर आले नाहीत. मी आणलेत.

“म्हणजे हे घडलंच नाही?” घरी येणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो.

नाही घडलं.

“मग करताय कशाला?”

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, ही म्हण आपल्या भाषेनं जर-तरवाल्यांची तोंडं बंद करायलाच घडवली असणार. माझ्यावर ती लहानपणापासून उलटी चालली. म्हण ऐकली की मला काका दिसायचाच नाही, मिशीवाली आत्याबाईच दिसायची. मिशा पिळदार, की ओठावर नुसती लव? तेल लावत असेल का? आणि ती काका झाली तर मग आतोबांचं काय करायचं? मोठ्यांचा मुद्दा केव्हाच पटून संपलेला असायचा आणि मी आपला आतोबांपाशी अडकलेला.

डायोरामा, म्हणजे छोट्या मापातला देखावा, करणारा माणूस जन्मभर आतोबांपाशीच अडकलेला असतो. इतिहास बदलणं सोपं आहे, एका वाक्यात बदलता येतो. पण तो बदलल्यावर रस्त्यावर चिखल होता की धूळ, हे कुणीतरी ठरवायला लागतं.

या छंदात अशा कामाला ‘व्हॉट-इफ’ म्हणतात, आणि त्यातला निम्म्याहून जास्त माल माझ्या अंदाजानं ‘जर्मनी १९४६’ या एकाच पेठेतला आहे. युद्ध मे १९४५ मध्ये संपलं नाही, वर्षभर लांबलं, आणि जे रणगाडे कागदावर किंवा कारखान्यात अर्धवट राहिले ते सगळे रस्त्यावर आले, अशी ती कल्पना. मीही तिथूनच सुरुवात केली. ई-१०० नावाचा एक राक्षस आहे, त्याचा फक्त खालचा सांगाडा तयार झाला होता, तो पाडेरबोर्नजवळ दोस्तांच्या हाती लागला. माउस त्याच्याही वरताण, १८८ टनांचा. त्याचे दोनच नमुने बनले, आणि त्या दोघांचे भाग जुळवून केलेला एक आज मॉस्कोजवळच्या कुबिंकाच्या संग्रहालयात आहे. मी ई-१०० केला. तीन रंगांचं कॅमोफ्लाज, बाजूला हसणारे क्रू. झकास दिसत होता.

मग एका रात्री सवयीनं मनात आलं, की याला डिझेल-पेट्रोल जे काही लागेल ते भरणारी गाडी कुठे दाखवायची? आणि तिथे सगळं ढासळलं. मे १९४४ पासून दोस्तांच्या बाँबर विमानांनी जर्मनीचे कृत्रिम इंधनाचे कारखाने फोडायला घेतले होते. असलेल्या रणगाड्यांना पाजायला इंधन नव्हतं, आणि माझा हा शंभराहून जास्त टनांचा पाहुणा १९४६ मध्ये टाकी फुल्ल करून उभा! बरं, इंधन होतं असं मानू. तर मग ते राज्य आणखी वर्षभर टिकलं, आणि त्या छळछावण्याही आणखी वर्षभर चालल्या. हसणाऱ्या क्रूकडे बघवेना. ई-१०० आता कपाटावर आहे, खोक्यात. या पेठेतल्या कारागिरांचा हात माझ्यापेक्षा दसपट चांगला असतो, तरी त्यांच्या कामाकडे मी थोडा अवघडूनच बघतो. एअरब्रश इतका सुंदर चालवणाऱ्या माणसाला आतोबांचा प्रश्न पडू नये?

मला हवं होतं ते ‘जर’ शेवटी एका खऱ्या सरकारी कागदात सापडलं. जर्मनी शरण आल्यावर काही दिवसांतच चर्चिलसाहेबांनी आपल्या नियोजनकारांना विचारलं, की उद्या सोव्हिएत रशियाशीच युद्ध करायचं म्हटलं तर? २२ मे १९४५ चा अहवाल तयार झाला. नाव काय, तर ‘अनथिंकेबल’. विचार करवत नाही असं नाव ठेवून त्यावर व्यवस्थित विचार केलेला! ब्रिटन-अमेरिकेच्या ४७ डिव्हिजन, वर नुकत्याच हरवलेल्या जर्मनांच्या १० डिव्हिजन पुन्हा हत्यारं देऊन उभ्या करायच्या, आणि मुहूर्त १ जुलै १९४५. सेनाप्रमुखांनी हिशोब बघून हात वर केले आणि कागद फायलीत गेला. लोकांना तो १९९८ मध्ये बघायला मिळाला. माझ्यासाठी एवढं पुष्कळ होतं. आत्याबाईच्या मिशांचा आराखडा खुद्द सरकारनं काढून ठेवलेला, मला फक्त केस चिकटवायचे होते.

कामाला बसताना मी एक नियम केला: या फळीवर खोटी गोष्ट एकच असेल. हा मुहूर्त साधला गेला, बस्स. बाकी सगळं खरं.

नियम आठवडाभर टिकला. सेंच्युरियनचे सहा नमुने मे १९४५ मध्ये युरोपात पोचले होते, लढाईला मात्र उशिरा. तेव्हा तो खरा. आयएस-३ मात्र दोस्तांनी पहिल्यांदा पाहिला ७ सप्टेंबरला, बर्लिनच्या विजय संचलनात. ५२ रणगाडे ओळीनं गेले आणि ते टोकदार नाक नि पालथ्या कढईसारखा बुरूज बघून पाश्चात्त्य पाहुण्यांचे चेहरे उतरले म्हणतात. मला तो १ जुलैला पाहिजे. आणला दोन महिने अलीकडे. हे खोटं क्रमांक दोन. तिसरं तर अंतराचंच निघालं. दोन रणगाडे हजार मीटरवरून एकमेकांवर तोफा डागतात. एकास पस्तीसच्या मापात ते साडेअठ्ठावीस मीटर होतात. तेवढं टेबल कुणाच्या घरात असतं? माझ्या फळीवर दोन तोफांच्या तोंडांमध्ये जेमतेम वीतभर जागा उरते, म्हणजे खऱ्या जगातले सहा-सात मीटर. एवढ्या जवळून लढाई होत नसते. फार तर भांडण होऊ शकतं. म्हणून मग लढाई रद्द करून मी नाका केला: दोघं एकमेकांना अडवून उभे आहेत आणि वरून हुकूम यायचा आहे.

बाय द वे, हे पस्तीस कुठून आलं म्हणाल तर बॅटरीतून. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीनं पँथर रणगाड्याचं चालणारं मॉडेल काढलं, आणि आत मोटर नि बॅटऱ्या मावतील अशा बेतानं त्याचा आकार ठरवला. तो निघाला साधारण पस्तिसावा हिस्सा. त्या बॅटऱ्यांपायी आज जगभरचे माझ्यासारखे लोक दिसेल त्या वस्तूला पस्तीसनं भागत बसलेत. पावणेदोन मीटरचा माणूस, पाच सेंटिमीटर. वीस मिलिमीटरच्या तोफेच्या नळीचं भोक, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. पहिल्या सेंच्युरियनांवर मुख्य तोफेशेजारी पोलस्टेन नावाची अशी एक छोटी तोफ असायची. माझं किट नंतरच्या मॉडेलचं, त्यात ती नव्हती. मग इंजेक्शनच्या सुईचं टोक घासून सपाट केलं आणि बसवली. पहिली सुई चिमट्यातून उडाली ती अजून सापडलेली नाही. त्या खोलीत कुणी अनवाणी जात नाही.

आता चिखलाचं सांगतो. प्लास्टर, बारीक वाळू, तपकिरी रंग, चमक यायला थोडं वार्निश, असा ओला चिखल मी दोन्ही रणगाड्यांच्या चाकांवर नि पट्ट्यांवर थापला होता आणि त्याबद्दल मला अभिमान होता. रणगाडा म्हणजे चिखल, हे मनात पक्कं बसलेलं. नंतर झाडांना पानं चिकटवताना हातातली डबी खाली ठेवली. जुलै! लिंडन फुललेला, शेतात राय पिवळी पडायला लागलेली, आणि हा चिखल कुठल्या महिन्यातला? शिवाय खाली दगडी फरसबंदी. तीन संध्याकाळी टोकदार लाकडी काडीनं चिखल खरवडण्यात गेल्या. गंजाचंही तेच. आधी गंजाचा रंग, वर केसांचा स्प्रे, त्यावर हिरवा, मग ओल्या ब्रशनं घासलं की हिरव्याचे पोपडे निघून खालचा गंज डोकावतो. ही युक्ती इतकी मजेशीर आहे की हात थांबत नाही. पण कारखान्यातून निघून काही आठवडे झालेल्या रणगाड्याला गंज चढेलच कसा? पट्ट्यांना चढतो, ते उघडं पोलाद असतं, रात्रीच्या दवानंही तांबूस होतं आणि चाललं की जमिनीला लागणारा भाग पुन्हा चकचकीत. बाकी अंगावर नुसती धूळ, आणि क्रू जिथून चढतात तिथे बुटांनी झिजलेला रंग. म्हणजे खोटी तारीख ठरवली आणि तिनं मला खरा ऋतू पाळायला लावला.

ती धूळ पिगमेंटची, बारीक पुडीची, मऊ ब्रशनं बसवलेली. तिच्यावर आता घरातली खरी धूळ बसते. खरी झटकायला गेलो की आधी खोटी निघते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र रणगाड्यांना लागलाच नाही. तो गेला दोरीवरच्या कपड्यांना. विटांच्या भिंतीपासून झाडापर्यंत वाळत घातलेल्या कपड्यांची एक दोरी आहे. दोन चादरी, एक शर्ट, लहान मुलाचा पायमोजा, जोडीतला एकच. पहिली चादर साध्या कागदाची केली. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर, गुणिले पस्तीस, साडेतीन मिलिमीटर. ती चादर दिसेचना, फळी टांगल्यासारखं वाटायचं. मग टिश्यू पेपरचा एकेक पदर वेगळा केला, पातळ केलेल्या डिंकात भिजवला, दोरीवर टाकला आणि वाळेपर्यंत टाचणीनं चुण्या पाडत बसलो. खालचा कोपरा जरा जड वाटायला हवा, पाणी तिथे उतरतं ना. आठवी चादर जमली. बायको मागे येऊन उभी राहिली, बराच वेळ बघून म्हणाली, “दुसरी उलटी वाळत घातलीय, शिवण बाहेरच्या बाजूला यायला हवी.” शिवण मी पेन्सिलीच्या टोकानं काढली होती, अर्धा मिलिमीटर. तिला ती दिसली, आणि रणगाड्यांविषयी ती अजूनही एक अक्षर बोललेली नाही. माझ्या दृष्टीनं हे या कामाला मिळालेलं पहिलं बक्षीस.

एवढं झाल्यावर प्रश्न आला, की युद्ध सुरू झालंय हे दाखवायचं कसं? धूर, आग, पडलेला माणूस, यातलं काही मला नको होतं. तेव्हा तारा सुचला. दोस्तांच्या गाड्यांवर पांढरा पंचकोनी तारा असायचा. सोव्हिएतांचाही ताराच. कालपर्यंत एका बाजूला असलेले अचानक समोरासमोर आले तर धुरळ्यात कुणाचा तारा कुणाचा? माझ्या मते पहिला हुकूम येईल तो तारा झाकण्याचा. म्हणून सेंच्युरियनच्या बुरुजापाशी बाह्या सरसावलेला एक शिपाई उभा केला. प्लास्टिकच्या चौकटीचा, म्हणजे स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर धरून ताणला की केसासारखा धागा निघतो. त्या धाग्याचा ब्रश शिपायाच्या हातात. दुसऱ्या हातात डबा, जेमतेम चार मिलिमीटरचा, वर तांब्याच्या तारेची कडी. बुरुजावर तारा अर्धाच, उरलेला अर्धा सपाट हिरवा. सगळं युद्ध तेवढ्यात.

आणि परवा, नकाशावर गावांची नावं तपासताना, मी निवडलेल्या तारखेला त्या भागात खरोखर काय चाललं होतं ते नीट वाचलं. १ जुलै १९४५ ला, त्याच दिवशी, आधी ठरलेल्या हद्दींप्रमाणे ब्रिटिश फौजा पश्चिम मेक्लेनबर्ग सोडून मागे निघाल्या आणि सोव्हिएत फौजा पुढे येऊन तो भाग ताब्यात घेऊ लागल्या. माझा चौक श्वेरीनच्या आसपासचाच. म्हणजे अनथिंकेबलच्या मुहूर्तालाच त्याच रस्त्यांवर दोन्ही फौजा खरंच होत्या. अंगावर हीच धूळ. कुणी गोळी झाडली नाही. चादरीही वाळत असतील. एवढे महिने खोटं म्हणून घडवत होतो ते बरंचसं खरंच निघालं, रणगाडे तेवढे दुसरे असणार.

हे डोक्यात घोळवत शेवटचं रंगकाम उरकत होतो तेव्हा दिसलं, की शिपायाच्या हातातला डबा रिकामाच आहे. रंग भरायचा राहून गेला. टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा एक थेंब लागेल. हिरवा टाकला तर तो तारा झाकतोय. पांढरा टाकला तर खराब झालेला तारा नव्यानं रंगवतोय, संचलनासाठी असेल, किंवा नुसतं वरिष्ठांनी हटकलं म्हणून.

चार दिवस दोन्ही बाटल्या उघड्या ठेवल्यात टेबलावर. आज सकाळी बघतो तर हिरव्यावर साय धरलेली.