औंधचं संग्रहालय आणि शाडूचा गोळा

आज पाचवीच्या मुलांना सातारा जिल्ह्यातल्या औंधला श्री भवानी संग्रहालयात नेलं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं, यमाईच्या डोंगरावर. राजा रविवर्म्यांची चित्रं पोरांना आवडली, पण सगळी थबकली ती इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या आई-बाळाच्या शिल्पापाशी. "बाई, आधी कोणाला घडवलं असेल, आई का बाळ?"

वस्तूंना हात लावायचा नाही, ते बरोबरच. म्हणून नंतर झाडाखाली प्रत्येकाला शाडूचा गोळा दिला. वर्गात एक ओळ लिहायला कंटाळणारा मुलगा बाळाचं डोकं मोडून पुन्हा पुन्हा करत बसला. मान जाड ठेवली की डोकं टिकतं, हे त्याचं त्यानंच शोधलं! सहलीच्या खर्चात शाळांनी मातीचे पैसे धरायलाच हवेत.

पुढच्या वेळी कुणाला सोबत यायचं असेल तर कळवा, एकत्र एसटी ठरवू.