प्रोलॅक्टिन, साखर आणि अॅसिडिटीची गोळी

प्रोलॅक्टिन म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारे संप्रेरक, एवढीच त्याची ओळख आपल्याकडे असते. म्हणूनच सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंची पाळी लांबली, वजन वाढले आणि उपाशीपोटीची साखर 112 आली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्यांच्या भाताला दोष दिला. त्याच रिपोर्टातल्या 68 प्रोलॅक्टिनकडे कोणी पाहिले नाही. गरोदर नसलेल्या, अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीत हा आकडा साधारणतः 25 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असतो.

गरोदरपणात वाढलेले प्रोलॅक्टिन उपयोगाचेच असते, कारण ते स्वादुपिंडातील बीटा पेशींना जास्त इन्सुलिन तयार करायला लावते आणि त्या काळात आईच्या शरीरात इन्सुलिनला होणारा विरोध त्यातून भरून निघतो. गरोदरपण नसताना ते बराच काळ चढलेले राहिले, तर मात्र इन्सुलिन रक्तात असूनही यकृत आणि स्नायू त्याला पुरेशी दाद देत नाहीत, अॅडिपोनेक्टिन हे चरबीच्या पेशींतून येणारे उपकारक संप्रेरक घटते आणि वजन वाढू लागते. शिवाय बीजांडकोशांना मेंदूकडून मिळणारा संकेत मंदावून इस्ट्रोजेन उतरते, आणि तेही इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. याचा अर्थ प्रोलॅक्टिन जितके कमी तितके चांगले, असा मुळीच नाही. ते फार कमी असणाऱ्यांतही मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळते.

डोपामिन हे मेंदूतले रसायन म्हणजे प्रोलॅक्टिनचा लगाम. जाऊबाई रोज सकाळी घेत असलेल्या अॅसिडिटीच्या गोळीच्या पाकिटामागे, बारीक अक्षरांत, आम्ल कमी करणाऱ्या रॅबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड छापलेले होते, आणि ते नेमके डोपामिनलाच अडवते. डॉम्पेरिडोनही तेच करते. औषधाच्या दुकानातून अशा गोळ्या वाणसामानासारख्या आणल्या जातात, याचा मला खरोखर राग येतो. डॉक्टरांनी थायरॉईड तपासले, ती गोळी बदलली आणि काही आठवड्यांनी, सुई टोचण्याआधी थोडा वेळ शांत बसवून, पुन्हा रक्त घेतले, कारण ताणानेही प्रोलॅक्टिन चढते. आकडा उतरला, पाळीही आली. साखर मात्र अजून काठावरच आहे, तेव्हा चालणे आणि तपासण्या सुरू आहेत. मानसिक आजारावरील काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढते, पण ती आपल्या मनाने बंद करू नयेत. कारण सापडले नाही, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या, प्रोलॅक्टिन तयार करणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय करतात, आणि गाठ निघालीच तर बहुतेकींना शस्त्रक्रिया लागत नाही, कॅबरगोलिनच्या गोळ्या पुरतात.