हाजी अलीहून मुंब्र्याला

मी पुण्यात मुद्रितशोधनाची कामे करते. गेल्या वर्षी मुस्लिम स्त्रियांच्या कायदेशीर हक्कांविषयीची एक छोटी मराठी पुस्तिका माझ्याकडे तपासायला आली होती. तिच्यात जिथे जिथे ‘खुला’ हा शब्द होता, तिथे तिथे मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले, कारण ‘उघड’ या अर्थाने तो कुठेच नीट बसत नव्हता. दुसऱ्या दिवशी पुस्तिका तयार करणाऱ्या बाईंचा फोन आला. “ताई, हा तुमचा मराठीतला खुला नव्हे. नवरा देतो तो तलाक आणि बायको मागून घेते तो खुला.” त्या मुंब्र्यात स्त्रियांसाठी एक लहानसे केंद्र चालवतात, मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमान आहेत आणि त्यांचे मराठी माझ्या पेठी मराठीपेक्षा जास्त मोकळे आहे. तिथे सगळ्या त्यांना आपा म्हणतात. आपले किंवा केंद्राचे नाव कुठे येऊ नये, अशी त्यांची इच्छा असल्याने मीही त्यांना इथे आपाच म्हणते. “एकदा येऊन बघा. आणि येताना हाजी अलीला जाऊन या, म्हणजे आमचं भांडण कशाचं ते कळेल,” असे त्या म्हणाल्या होत्या. तो योग जानेवारीत आला.

पुण्याहून सकाळच्या गाडीने दादरला उतरले आणि पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी गाठले. हाजी अलीचा दर्गा समुद्रातल्या खडकावर आहे आणि तिथे नेणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, हे लहानपणापासून ठाऊक असूनही मी भरतीची वेळ पाहून निघाले नव्हते. त्यामुळे तासभर किनाऱ्यावर उभे राहावे लागले. पाणी ओसरू लागले तशी लोकांची रांग पुढे सरकू लागली. ओल्या दगडांवरून, शेवाळ टाळत, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात फुलांची चादर असलेली परडी सांभाळत बायका चालल्या होत्या. त्यांत कुंकू लावलेल्या कितीतरी होत्या. इथे नवस बोलायला येणाऱ्यांचा धर्म कोणी विचारत नाही.

बाई असण्याचा प्रश्न मात्र मध्यंतरी विचारला गेला. पूर्वी स्त्रिया मजारीपर्यंत, म्हणजे संताच्या कबरीपर्यंत, जात असत. २०१२ साली ‘भारतीय मुस्लिम महिला आंदोलन’ या संघटनेच्या कार्यकर्त्या दर्ग्यात गेल्या, तेव्हा त्यांना आतल्या गाभाऱ्यात जाण्यापासून अडवण्यात आले. पुरुष संताच्या कबरीच्या इतक्या जवळ स्त्रीने जाणे हे इस्लामनुसार पाप आहे, अशी विश्वस्तांची भूमिका होती. आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमण यांनी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि २६ ऑगस्ट २०१६ रोजी न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने ही बंदी राज्यघटनेच्या १४, १५ आणि २५ या अनुच्छेदांच्या विरुद्ध असल्याचा निकाल दिला. विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले खरे, पण तिथे त्यांनी स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश देण्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला आंदोलनाच्या स्त्रिया पुन्हा आत गेल्या.

हे सारे मी वर्तमानपत्रांत वाचले होते. मात्र तिथे उभे राहिल्यावर पहिल्यांदा जाणवले, की हा सगळा झगडा जेमतेम काही पावलांच्या जागेचा होता. उंबऱ्याच्या बाहेर थांबायचे की आत जायचे, एवढाच. माझ्या पुढे एक म्हातारी होती. तिने डोक्यावरच्या ओढणीचे टोक दोन्ही हातांत धरून झोळीसारखे पसरले होते आणि ती पुटपुटत होती. मागून कोणीतरी ‘चला, पुढे चला’ म्हणत होते, पण ती हलली नाही. मीही तिला ओलांडून पुढे गेले नाही.

परत दादरला येऊन मध्य रेल्वेची धीमी लोकल पकडली. बायकांच्या डब्यात खिडकी मिळाली, हे दुपारच्या वेळेचे भाग्य. कुर्ला आले तेव्हा मी उगाचच फलाटाकडे पाहिले. ‘आवाज-ए-निस्वाँ’ या संघटनेचे काम या भागात अनेक वर्षे चालले. शहनाझ शेख यांनी १९८३ साली मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातल्या विषमतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. पुढे त्यांच्या पुढाकाराने डोंगरीतल्या, स्वतः तलाकचा किंवा मारहाणीचा अनुभव घेतलेल्या बायका एकत्र बसू लागल्या आणि त्यातून ही संघटना आकाराला आली. तिथे दीर्घकाळ काम केलेल्या हसीना खान यांनी नंतर ‘बेबाक कलेक्टिव्ह’च्या माध्यमातून तोच धागा पुढे नेला. तिहेरी तलाकच्या खटल्यात हे दोन्ही गट, म्हणजे महिला आंदोलन आणि बेबाक, सर्वोच्च न्यायालयात उभे होते. २२ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने तात्काळ तिहेरी तलाक रद्द झाला. पण २०१९ च्या कायद्याने तो उच्चारणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, तेव्हा दोन्ही गटांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आंदोलनाने कायद्याची मागणीच लावून धरली होती, तर बेबाकने तलाकला फौजदारी गुन्हा ठरवण्यास विरोध केला. ‘मुस्लिम महिलांची भूमिका’ असा एकवचनी शब्दप्रयोग आपल्याकडच्या चर्चांमध्ये सर्रास होतो. यापुढे तो माझ्यासमोर मुद्रितात आला, तर मी तिथेही प्रश्नचिन्ह काढणार आहे.

खरे तर महाराष्ट्राला यात नवलाईचे काही वाटू नये. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्यासोबत सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. दलवाईंचे मुस्लिम सत्यशोधक मंडळ पुण्यात स्थापन झाले ते त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे १९७० साली. आधी बायका रस्त्यावर आल्या आणि मंडळ मागाहून आले, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या सात जणींची नावे मात्र आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? मला आली नाहीत.

ठाण्यानंतर कळवा गेले आणि उजवीकडे पारसिकचा डोंगर, डावीकडे खाडी अशी गाडी वळण घेत मुंब्र्याला शिरली. डोंगरावर उंच मुंब्रादेवीचे मंदिर दिसते. त्याच डोंगराच्या पायथ्याशी १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून आलेल्या हजारो मुस्लिम कुटुंबांनी घरे केली आणि एका लहान गावाचे दाटीवाटीचे शहर झाले. कौसा वगैरे भागांतली कोकणी मुसलमानांची वस्ती त्याच्या कितीतरी आधीची. वाटणीच्या रिक्षात बसले, तेव्हा चालकाने सांगितले, की हा जुना मुंबई-पुणे रस्ता आहे. म्हणजे याच रस्त्याने सरळ जात राहिले असते, तर मी माझ्या घरी पोचले असते.

आपांचे केंद्र म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रे आणि पुस्तकांचे एक कपाट, आतल्या खोलीत टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीला टेकून ठेवलेले कागदपत्रांचे गठ्ठे. भिंतीवर सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांचे चित्र. सावित्रीबाईंनी १८५६ साली नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचा ओझरता उल्लेख आहे. आपण आजारपणामुळे दूर असल्याने सगळा त्रास फातिमेवर पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. आपांना मी हे सांगितले, तेव्हा त्या हसल्या. “कुरकुर करायला वेळ तर मिळायला हवा,” म्हणाल्या आणि सांदणाची ताटली पुढे केली. कोकणी मुसलमानांच्या घरचे हे गोड, वाफवलेले सांदण आमच्या ओळखीच्या फणसाच्या सांदणाहून वेगळे असते.

त्या दुपारी पाच जणी आल्या. मला वाटले होते, की तलाक, मारहाण, पोलीस ठाणे असेच सगळे कानावर पडेल. तसेही होते, परंतु पाचांपैकी तिघींचे काम कागदांचे होते. एकीला मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून हवा होता, दुसरीच्या बँक खात्याला आधार जोडले जात नव्हते. तिसरी, तिशीची असेल, एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडत होती. नवरा चार वर्षांपूर्वी सोडून गेला होता आणि त्याने तलाक दिलेला नव्हता. “आता बहुतेक जण देतच नाहीत,” आपा मला म्हणाल्या, “तोंडाने काही बोललं, तर गुन्हा होतो. न बोलता निघून गेलं, तर काहीच होत नाही.” यावर उपाय नाही असे नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानुसार नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल किंवा त्याने दोन वर्षे पोटगी दिली नसेल, तर पत्नी न्यायालयातून विवाह संपवून घेऊ शकते. पण न्यायालयात जायला वकील लागतो, रोज बुडतो आणि त्याआधी घरच्यांना पटवावे लागते. म्हणून खुल्याचा पर्याय आधी पाहिला जातो.

आपांनी तिचा निकाहनामा माझ्यासमोर सरकवला. उर्दू मला वाचता येत नाही, म्हणून त्यांनी मेहरच्या रकान्यावर बोट ठेवले. मेहर म्हणजे निकाहाच्या वेळी नवऱ्याने पत्नीला द्यायची, तिच्या हक्काची रक्कम. तिथे लिहिले होते ७८६ रुपये. हा आकडा शुभ मानतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी तेवढेच लिहून मोकळे होतात. “खुला घ्यायचा तर बहुतेक वेळा मेहर सोडावा लागतो. हिने काय सोडायचं? सातशे शहाऐंशी रुपये. तेसुद्धा त्याने कधी दिलेच नाहीत.” ती बाईदेखील हे ऐकून हसली. महिला आंदोलनाने तयार केलेल्या कायद्याच्या मसुद्यात मेहर नवऱ्याच्या किमान वर्षभराच्या उत्पन्नाइतका असावा, असे कलम आहे. ते वाचताना मला आकड्याचे कलम कोरडे वाटले होते. तो कागद समोर आल्यावर तसे वाटले नाही.

चार वाजता आपा मला जवळच्या मैदानापर्यंत घेऊन गेल्या. मुंब्र्यात मुलींच्या फुटबॉलची सुरुवात ‘परचम’ या संस्थेने केली. सबा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या या संस्थेच्या मुलींना खेळण्यापेक्षा खेळायला जागा मिळवणे अवघड गेले, कारण मैदानावर मुलगे आधीच असत आणि मुलींनी तिथे यावे, ही कल्पनाच कोणाला सुचली नव्हती. मुलींनी सह्या गोळा करून लोकप्रतिनिधींकडे मैदानाची मागणी केली. आम्ही गेलो तेव्हा आठ-दहा मुली सराव करत होत्या. कोणी ट्रॅकपँटवर हिजाब बांधलेला, कोणी नुसती वेणी. एका मुलीने बुरखा काढून, त्याची व्यवस्थित चौकोनी घडी घालून ती दप्तरावर ठेवली, वर पाण्याची बाटली ठेवली म्हणजे वाऱ्याने उडायला नको, आणि धावत मैदानात गेली. बुरखा घालण्याविषयी आणि काढण्याविषयी मी आजवर जेवढे लेख तपासले, त्यांत त्या बाटलीसारखे काही नव्हते. आपा कठड्यावर बसून फोनवर कोणाला तरी नाव कमी केल्याच्या दाखल्याविषयी समजावत होत्या. त्यांचे मैदानाकडे लक्षही नव्हते.

केंद्रात परतलो, तेव्हा पिशवीवाली बाई अजून बसलेली होती. तिला नवऱ्याच्या शिधापत्रिकेतून नाव कमी करून स्वतःची आणि दोन मुलांची वेगळी शिधापत्रिका काढायची होती. अडचण अशी, की आधार कार्डावर तिच्या नावापुढे ‘बानो’ होते, जुन्या शिधापत्रिकेवर ‘बी’ आणि निकाहनाम्यावर ‘खातून’. तीन कागदांवर तीन बायका आणि या तिघी एकच आहेत, हे पटवून देणारा अर्ज मराठीत हवा. लिहिणारी मुलगी त्या दिवशी परीक्षेमुळे आलेली नव्हती. आपांनी माझ्याकडे कोरा कागद सरकवला. “पाहुण्या म्हणून आलात खऱ्या, पण अक्षर चांगलं असेल तुमचं.”

मी लिहिले. ‘मा. शिधावाटप अधिकारी यांस’, मग विषय, मग ‘महोदय’ आणि त्याखाली, आयुष्यभर इतरांच्या चुका काढल्याच्या आत्मविश्वासाने, सलग दीड पान. तिन्ही नावांची संगती लावली, कागदपत्रांची यादी जोडली, शेवटी ‘आपली विश्वासू’ लिहून सहीची जागा सोडली. वाचून दाखवल्यावर ती बाई मान डोलावत होती. आपांनी मात्र कागद हातात घेऊन चष्मा नाकावर खाली ओढला आणि पेन्सिल उचलली. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ‘बानो’च्या जागी ‘बानू’ लिहिले होते. पुण्याकडच्या कानाला बानू म्हटले की खंडोबाचीच आठवते आणि हाताने मला न विचारता तीच लिहिली होती. बी, खातून, बानो आणि आता ही चौथी.

आपांनी काही न बोलता समासात प्रश्नचिन्ह काढले आणि दुसरा कोरा कागद पुढे केला. बाहेर अंधारू लागले होते आणि माझी गाडी चुकणार, हे नक्की होते. मी पुन्हा ‘मा. शिधावाटप अधिकारी यांस’ पासून सुरुवात केली.