ईएसपीएन म्हणजे काय गं?

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात आले होते. एका शनिवारी मुलांना घेऊन आम्ही ब्रिस्टलच्या लेक कंपाउन्सला गेलो. १८४६ पासून चालू असलेला हा पार्क, पाळणे आणि पाण्यातले खेळ. दिवसभर उन्हात फिरून मुलं परतीच्या वाटेवर गाडीतच झोपली. मिडल स्ट्रीटवर उपग्रहाच्या पांढऱ्या डिशा दिसल्या, मग लाल अक्षरांची पाटी दिसली, आणि बाबा एकदम सरसावून बसले.

"अगं, हे आपलं ईएसपीएन? इथं?"

"हो बाबा. हेच मुख्य ऑफिस."

आजूबाजूला झाडी, साधी घरं, एखादा पेट्रोल पंप. न्यूयॉर्कच्या टोलेजंग इमारतीत असेल असं त्यांना वाटत होतं. पाटी मागे पडेपर्यंत ते मान वळवून बघत राहिले. मग म्हणाले, "ईएसपीएन म्हणजे काय गं?"

मला सांगता आलं नाही. फलटणच्या घरी केबल आली तेव्हापासून मी ही चार अक्षरं बघत आले. इथे येऊन अकरा वर्षं झाली. त्या अक्षरांमागे काही शब्द असतील हे कधी मनातच आलं नव्हतं.

बाबांच्या मनात ते येणारच. त्यांची सगळी नोकरी एसटीत गेली, वाहतूक नियंत्रक म्हणून. अक्षरं दिसली की ती फोडून बघायची त्यांना सवय. घरी पोचल्यावर मी शोधून वाचून दाखवलं आणि त्यांनी खिशातली छोटी डायरी काढून लिहून घेतलं: एंटरटेनमेंट अँड स्पोर्ट्स प्रोग्रामिंग नेटवर्क. "एवढं मोठं?" म्हणाले.

त्यामागची गोष्ट मला फार आवडली, कारण ती आमच्याच रस्त्यावर घडली आहे. बिल रासमुसेन हे न्यू इंग्लंड व्हेलर्स या आइस हॉकीच्या संघाचं प्रसिद्धीचं काम बघायचे. १९७८ मध्ये ती नोकरी गेली. कनेक्टिकटमधल्या कॉलेजांचे सामने केबलवर दाखवावेत असं त्यांच्या डोक्यात आलं. त्याच ऑगस्टमध्ये ते आणि त्यांचा मुलगा स्कॉट वॉटरबरीजवळ आय-८४ या महामार्गावर ट्रॅफिकमध्ये अडकले होते, आणि त्या गाडीतल्या वादावादीतून चोवीस तास फक्त खेळ दाखवण्याची कल्पना पक्की झाली. वॉटरबरीला आजही गाड्या तशाच तुंबतात. उपग्रहावरची जागा भाड्याने घ्यायला गेले, तर दिवसाला पाच तास घेण्यापेक्षा सबंध चोवीस तास घेणं स्वस्त पडत होतं! ७ सप्टेंबर १९७९ ला ब्रिस्टलहून पहिलं प्रक्षेपण झालं. एवढे तास नुसत्या खेळांनी कसे भरणार, म्हणून नावात करमणूकही होती. १९८५ मध्ये कंपनीने ते लांबलचक नाव सोडून दिलं आणि नुसती चार अक्षरं ठेवली.

पुढचे काही दिवस बाबांना हाच नाद लागला. आम्ही दोघं नोकरीवर, मुलं समर कॅम्पला, आई तिच्या विणकामात. बाबांच्या हातात दिवसभर रिमोट. परदेशी मुलांकडे आलेल्या आई-वडिलांची दुपार किती लांब असते हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. रस्त्यावर माणूस दिसत नाही, गाडी चालवता येत नाही, कोपऱ्यावर चहाची टपरी नाही. टीव्हीच तेवढा बाहेरच्या जगाशी संबंध. आणि टीव्ही लावला की समोर चॅनेलच्या यादीतले छोटे छोटे चौकोन, त्यात एफएस१, एनईएसएन, एसएनवाय, वायईएस. चौकोन इतके अरुंद की पूर्ण नाव त्यात मावतच नाही. चॅनेलवाल्यांना आखूड नावं हवीशी वाटण्याचं हे एक अगदी साधं कारण आहे.

दुसरं कारण जुनं आहे. अमेरिकेत रेडिओ स्टेशनांना पहिल्यापासून अक्षरांचीच नावं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला बहुतेक स्टेशनांची नावं डब्ल्यूने सुरू होतात, पश्चिमेला केने. आमच्या हार्टफर्डचं डब्ल्यूटीआयसी १९२५ मध्ये सुरू झालं. त्यातलं टीआयसी म्हणजे ट्रॅव्हलर्स इन्शुरन्स कंपनी. हार्टफर्ड हे विम्याचं शहर, इथले कितीतरी मराठी लोक माझ्यासारखे विमा कंपन्यांच्या कॉम्प्युटरच्या कामासाठीच आलेले. ज्या धंद्याने आम्हाला इथे आणलं त्याचं नाव शंभर वर्षं रेडिओवर उच्चारलं जातंय, हे बाबांच्या प्रश्नामुळे मला पहिल्यांदा कळलं.

उच्चाराचं एक वेगळंच आहे. इथे आले त्या वर्षी ऑफिसात बेसबॉलचा विषय निघाला, तेव्हा मी एन-ई-एस-एन अशी चार अक्षरं सुटी सुटी म्हटली. शेजारी बसणारी सहकारी मायेनं म्हणाली, "नेसन म्हण. नेसन." न्यू इंग्लंड स्पोर्ट्स नेटवर्क. न्यू इंग्लंड म्हणजे कनेक्टिकट धरून इकडची सहा राज्यं. १९८४ पासून बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाचं घर, चॅनेलची मालकीही मुख्यतः त्यांचीच. ईएसपीएन मात्र सुटंच म्हणायचं. न्यूयॉर्कच्या यांकीजचं चॅनेल २००२ मध्ये सुरू झालं, यांकीज एंटरटेनमेंट अँड स्पोर्ट्स, त्याला सरळ 'येस' म्हणतात. आमचं राज्य या दोन संघांच्या मधोमध सापडलेलं. एकाच गल्लीत एका घरी नेसन, दुसऱ्या घरी येस. तुम्ही कुठलं लावता यावरून शेजारी तुम्हाला ओळखतात. बाबांनी नेसन निवडलं, का ते त्यांनाच माहीत. सप्टेंबरपर्यंत त्यांना पिचरची नावं पाठ झाली होती.

या आखूड नावांवर माझा राग नाही. नेसन म्हणताना न्यू इंग्लंड त्यात असतंच. मला त्रास होतो तो दुसऱ्या प्रकाराचा.

स्पीड नावाचं एक चॅनेल होतं. आधी स्पीडव्हिजन, मग स्पीड. मोटारींच्या शर्यती, जुन्या गाड्यांचे लिलाव, गॅरेजमधली दुरुस्ती. नाव वाचलं की आत काय मिळणार ते कळायचं. १७ ऑगस्ट २०१३ ला त्याच जागी फॉक्स स्पोर्ट्स १ आलं, सगळीकडे एफएस१. नासकारच्या शर्यती काही राहिल्या, पण फक्त गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांचं हक्काचं ठिकाण गेलं. त्याच दिवशी फ्युएल टीव्हीचं एफएस२ झालं. एका दिवसात दोन नावं जाऊन त्यांच्या जागी एक आणि दोन हे आकडे.

त्याच्या आधीचं आउटडोअर लाइफ नेटवर्क बघा. मासेमारी, शिकार, सायकलची तूर द फ्रान्स. आइस हॉकीचे हक्क घेतले तेव्हा रानावनाचं नाव अडचणीचं वाटू लागलं, म्हणून ओएलएन एवढंच पुढे करायला लागले. २००६ मध्ये ते व्हर्सस झालं, २०१२ मध्ये एनबीसी स्पोर्ट्स नेटवर्क, मग एनबीसीएसएन, आणि २०२१ च्या अखेरीस बंद. २०२५ मध्ये तीच अक्षरं पुन्हा एका नव्या चॅनेलला दिली. गळ टाकून तळ्याकाठी बसणारा जो प्रेक्षक सुरुवातीला होता तो यात कधी सुटला याची कुणी नोंदही ठेवली नसेल. नाव असं उतरवत गेलं की आतला माल बदलायला मालक मोकळा होतो. अक्षरांना कुणी जाब विचारू शकत नाही.

हे मी बाबांना सांगत होते तेव्हा ते मध्येच म्हणाले, "एसटीचं तसं नाही झालं." खरंच. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटली तेव्हा राज्य मुंबईचं होतं. पुढे महाराष्ट्र झाला, महामंडळाचं नाव बदललं. पाटीवर 'महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन' आलं, पण गावात एसटीच आली. गाडी त्याच फाट्यावर थांबायची. आणि मुंबई दूरदर्शनच्या चॅनेलचं तर उलटं झालं. आधी ते डीडी-१० होतं, मग त्याला सह्याद्री हे नाव मिळालं. आई अजून "सह्याद्री लाव" म्हणते. डोंगराचं नाव असलेलं चॅनेल, त्याचं कुणाला स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

आपल्याकडचं ईएसपीएनही २०१३ मध्येच गेलं, नोव्हेंबरात. स्टार स्पोर्ट्स आणि पुढे आकडा. बाबांना तारीख आठवत नव्हती, पण एक दिवस रिमोटवर तो नंबर दाबला आणि वेगळंच काही लागलं एवढं आठवत होतं. म्हणूनच ब्रिस्टलची पाटी बघून ते इतके हलले असावेत. बंद झालं असं ज्याला समजत होते, ते इथे झाडीत व्यवस्थित चालू होतं.

ऑक्टोबरात ते परत गेले. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी डायरी कॅमेऱ्यासमोर धरली. निळ्या शाईत, एसटीच्या वेळापत्रकासारखे दोन रकाने आखलेले. डावीकडे अक्षरं, उजवीकडे पूर्ण नाव. नेसनच्या पुढे कंसात रेड सॉक्स. एफएस१ च्या पुढे आधी फॉक्स स्पोर्ट्स वन, आणि त्याखाली छोट्या अक्षरात: पूर्वीचे नाव स्पीड, मोटारगाड्या.

"हे राहिलं बघ," एका ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले. डावीकडे एसएनवाय, उजवीकडे मोकळं.

"स्पोर्ट्सनेट न्यूयॉर्क," मी सांगितलं. ते हळूहळू लिहीत असताना मी थांबले.