खुंटीला तेल

दुपारी गिटार सुरात लावायला घेतली आणि तिसरी तार हट्टाला पेटली. की (तार ताणायची चावी) फिरवतोय, फिरवतोय, तार ढिम्म. मग एकदम ‘टक्’ करून सूर पार पुढे. मागे आणावी तर फारच मागे. मला हवा असलेला ‘जी’ हा सूर नेमका या दोन उड्यांच्या मधे दडून बसलेला.

निम्म्या वेळा यात नटचा, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा दोष असतो. खाचेत शिसपेन्सिलीचं टोक दोनदा फिरवलं की भागतं. फिरवलं. भागलं नाही. मग तारा उतरवल्या आणि कीज सोडवल्या. क्लासिकल गिटारला एका पट्टीवर तीन कीज, अशा दोन पट्ट्या. पितळी चाकांच्या दात्यांत काळपट-हिरवा राप बसला होता: धूळ, जुनं तेल आणि, आता लपवून काय करायचं, कधीतरी आळसापोटी लावलेलं खोबरेल. ते दर थंडीत थिजायचं आणि मी हवेला नावं ठेवायचो. जुन्या टूथब्रशने घासलं, फडक्याने पुसलं. मग अगरबत्तीच्या काडीने शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, स्क्रूचे आटे चाकाला भिडतात बरोबर तिथे. जास्तीचं लगेच टिपून घेतलं. ते लाकडात मुरता कामा नये.

त्या तेलाचा वास आला आणि मी सांगलीच्या घरात, आत्याच्या खोलीत.

आत्याचा तंबोरा मिरजेचा. त्याच्या खुंट्यांना खडू लावायचं काम माझ्याकडे होतं, कारण खडू शाळेतून मीच आणायचो. “रंगीत नको रे, पांढराच आण.” खुंटी ओढून काढायची, गोल फिरवत खडू घासायचा, पुन्हा दाबून बसवायची. त्या पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि खुंट्या हलेनात. दोन्ही हातांनी पिळून आत्याचे तळवे लाल झालेले मला बघवेनात. ती बाजारात गेल्यावर मी आजीच्या मशीनची तेलाची बुधली आणली आणि चारही खुंट्यांना सढळ हाताने तेल पाजलं.

फिरल्या! लोण्यासारख्या फिरल्या. एवढंच की हात सोडला की भर्रकन उलट्याही फिरायच्या.

आत्या ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी तंबोरा आणि मी, दोघांनाही घेऊन मिरजेला गेली. कारागिराने खुंटी काढली, नाकाशी धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “शिलाई मशीन?” त्याने भोकं तासली, नव्या खुंट्या बसवल्या आणि उरलेला खडूचा तुकडा माझ्या खिशात टाकला.

गिटारला हे सोसतं. तिथे स्क्रू चाकाला फिरवतो, चाक स्क्रूला फिरवू शकत नाही. की साधारण १४ वेळा फिरवावी तेव्हा तार गुंडाळलेला रूळ एकदा फिरतो, आणि सहा तारा मिळून ४० किलोच्या आसपास ओढत असल्या तरी जागचा हलत नाही. एके काळी गिटारलाही लाकडी खुंट्याच होत्या. स्पेनच्या फ्लॅमेंको वादकांनी तर विसाव्या शतकातही त्या सोडल्या नव्हत्या. म्हणजे माझं तेल चुकलं नव्हतं, वाद्य चुकलं होतं. हे मी आत्याला आजवर तीनदा समजावलंय.

तारा चढवल्या. नायलॉनच्या तारा चढवल्यावर दोन-तीन दिवस उतरतच राहतात, पण की आता मऊ फिरत होती. खालून वर, हळूहळू. तिसरी तार निमूट ‘जी’वर येऊन थांबली. तेवढ्यात आत्याचाच फोन.

“काय करतोयस?”

“गिटारला तेल घालत होतो.”

पलीकडे शांतता. मग, “खुंटीला?”

“हो.”

“माझ्या तंबोऱ्यापासून लांब बस.”

तंबोरा माझ्या मागेच होता, कपाटाला टेकून, गवसणीत. बोटं चालेनाशी झाल्यावर तिने तो माझ्याकडे धाडला, त्याला सात वर्षं झाली. तारा तिनेच उतरवून दिलेल्या. घरात खडू नाही.